मोटारीचा पंख आणि वेगाचे दप्तर

सावित्रीच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला वळणांची ओळख करून द्यावी लागत नाही. कारण पोलादपुराहून पूर्वेस वळले की आंबेनळीचा घाट थेट महाबळेश्वरापर्यंत चढत जातो, दक्षिणेस कशेडी ओलांडल्याखेरीज रत्नागिरी जिल्ह्यात पाऊल पडत नाही, आणि महाडहून भोरकडे निघणाऱ्यास वरंध घाटावाचून गत्यंतर नसते. अशा मुलखात वाढलेल्या तरुणास मोटार नेमकेपणाने चालविण्याची हौस वाटावी, हे स्वाभाविकच आहे. त्या हौसेपायी दोन वस्तूंचे आकर्षण उत्पन्न होते : एक, डिकीवर बसवावयाची विंग; आणि दुसरी, चालकाच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणारा डेटा लॉगर. या दोन्ही वस्तू शर्यतीच्या मैदानावर जन्मल्या आणि दोहोंमागचे शास्त्र पक्के आहे; परंतु त्यांविषयी गॅरेजांतून जे समज पसरलेले असतात, त्यांतील पुष्कळसे त्या शास्त्राशी विसंगत असतात. त्यामुळे केवळ पैशाची नासाडी होत असती तर गोष्ट वेगळी होती. पण चुकीच्या भरवशावर घाटात उतरलेली गाडी चालकाच्याच नव्हे, तर समोरून येणाऱ्या एस.टी.तील प्रवाशांच्याही जीवावर बेतते, म्हणून या समजांची छाननी करणे अगत्याचे वाटते.

पहिला आणि सर्वांत रूढ समज असा की, विंग लावली की गाडी रस्ता घट्ट धरते. हे विधान अर्धे खरे आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग वेगाच्या हिशेबात दडलेला आहे. विमानाचा पंख हवेच्या प्रवाहामुळे वर उचलला जातो. मोटारीची विंग म्हणजे तोच पंख उलटा बसविलेला, म्हणून ती गाडीस खाली दाबते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. सुमारे १.४ मीटर रुंद आणि पाव मीटर खोल अशी एक बऱ्यापैकी विंग घेतली आणि तिला हवा निर्वेध मिळते असे मानले, तर ताशी १६० किलोमीटर वेगाला ती सुमारे ५१ किलो दाब देईल, ८० ला सुमारे १३ किलो, आणि ४० ला जेमतेम ३ किलो. आता आंबेनळीच्या वळणांवर, एका बाजूस कातळ आणि दुसऱ्या बाजूस दरी असताना, शहाणा माणूस किती वेगाने गाडी हाकतो ते आठवावे. त्या वेगाला विंगेने दिलेला दाब हा विंगेच्या आणि तिच्या लोखंडी आधारांच्या स्वतःच्या वजनाहूनही कमी भरतो. श्रावणातल्या ओल्या रस्त्यावर तर तिच्यावर तिळमात्र विसंबता येत नाही. तेथे टायरची नक्षी, टायरमधील हवा आणि चालकाचा संयम एवढ्याच गोष्टी कामाला येतात.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला गाड्या तर ताशी ६० किलोमीटरच्या आसपासही भल्यामोठ्या विंगा वागवतात, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत अशा गाड्या दिसतात. परंतु त्या गाडीचे वजन तुमच्या हॅचबॅकच्या चतुर्थांशाच्या आसपास असते, आणि विंगा एकीवर एक अशा अनेक पात्यांच्या, पुढे व मागे दोन्हीकडे, गाडीच्या मानाने अवाढव्य असतात. तेवढ्याच दाबाचा हलक्या गाडीवरील परिणाम मोठा, भारी गाडीवरील अल्प.

दुसरा समज अधिक घातक आहे. तो असा की, मागे दाब वाढला म्हणजे एकंदर पकड वाढली. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, आणि दिशा बदलण्याचे कामही तीच चाके करतात. विंग मात्र मागच्या आसाच्याही मागे असते. ती आसापासून ६० सेंटिमीटर मागे आहे आणि दोन आसांतील अंतर २४० सेंटिमीटर आहे असे धरले, तर १६० च्या वेगाला मागील चाकांवर ५१ नव्हे, सुमारे ६४ किलो भार येतो. आणि वरचे हे १३ किलो पुढच्या चाकांवरून वजा झालेले असतात. विंगेस होणारा हवेचा अडथळा उंचावर असल्याने तोही पुढचे टोक किंचित उचलतो. परिणामी, ज्या चाकांनी गाडी वळवावयाची तीच हलकी होतात, आणि स्टिअरिंग फिरविले तरी गाडी सरळच जाऊ पाहते. म्हणूनच मैदानावर विंग एकटी लावीत नाहीत; पुढच्या बंपरखाली स्प्लिटर बसवून दोन्ही बाजूंचा जमाखर्च जुळवितात.

कंपनीने डिकीच्या कडेवर दिलेली लहानशी पट्टी आणि विंग यांतही गल्लत होते. ती पट्टी छतावरून घसरत येणारा प्रवाह वेळीच तोडून गाडीचा मागचा भाग उचलला जाऊ देत नाही. तिच्याकडून खाली दाबण्याची अपेक्षा करू नये. तथापि तिला केवळ शोभेची म्हणणेही अन्यायाचे होईल. ऑडीच्या टीटी या गाडीचे पहिले रूप अतिवेगात मागून अस्थिर होते व अपघात घडतात असे आढळल्यावर, कंपनीने गाड्या परत बोलावून त्यांस अशीच एक पट्टी बसविली, शिवाय सस्पेन्शनमध्ये फेरफार केले आणि स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही दिली.

आता बसविण्याच्या कामाकडे वळू. कारण माझ्या मते सर्वाधिक हयगय येथेच होते. डिकीचे झाकण अंगठ्याने दाबून पाहावे : मध्यभागी पत्रा आत जातो आणि बोट काढताच टक् असा आवाज करून पूर्ववत होतो. एक मिलिमीटरहूनही पातळ असलेल्या त्या पत्र्यात टॅपिंग स्क्रू पिळून त्यावर पन्नास किलोचा भार सोपवायचा, आणि तोही स्थिर नव्हे, तर प्रत्येक खड्ड्यागणिक थरथरणारा! भोकाच्या कडेला प्रथम रंगास केसासारखी चीर पडते, मग पत्र्यास, आणि एके दिवशी विंग हातात येते. योग्य रीत अशी की, आधार डिकीच्या तळाशी असलेल्या मजबूत चौकटीस, म्हणजे गाडीच्या सांगाड्यास जोडावे; झाकणावरच बसविण्यावाचून इलाज नसेल तर आतून जाड धातूची पट्टी देऊन, आरपार बोल्ट, रुंद वॉशर आणि आत नायलॉनचे कडे असलेले लॉक-नट वापरून भार पसरावा, आणि प्रत्येक फेरीसत्रानंतर पाना लावून ते तपासावे.

कोनाचाही असाच घोटाळा होतो. पाते जितके उभे तितका दाब अधिक, ही समजूत ठराविक मर्यादेपर्यंतच खरी आहे. साधारण पंधरा अंशांच्या पुढे हवा पात्याच्या पृष्ठभागापासून सुटते, दाब कोसळतो आणि अडथळा मात्र वाढतो. हा कोन जमिनीशी नव्हे, तर पात्यावर प्रत्यक्ष येणाऱ्या हवेशी मोजावयाचा असतो. हॅचबॅकच्या छतावरून हवा खाली उतरत येते, म्हणून पात्याच्या मध्यभागी प्रत्यक्ष कोन दिसतो त्याहून अधिक भरतो. याची परीक्षा अगदी अल्प खर्चात होते : लोकरीचे बोटभर धागे पात्याच्या खालच्या बाजूस ओळीने चिकटवावे आणि मागून येणाऱ्या गाडीतून त्यांचे चित्रण करावे. खालच्याच बाजूस अशासाठी, की हवेचे शोषण तेथे होते आणि प्रवाह प्रथम सुटतो तोही तेथेच. धागे सरळ मागे वाहत असतील तर कोन ठीक. ते उलटसुलट फडफडू लागले की पात्याचा कोन कमी करावा.

ज्यांना ही काळजी अतिरेकी वाटत असेल, त्यांनी ग्रां प्रीचा इतिहास पाहावा. १९६६ साली अमेरिकेच्या जिम हॉल यांच्या चॅपरल २ई या गाडीने उंच खांबांवरील विंग यशस्वी करून दाखविली, आणि दोन वर्षांतच तिचे अनुकरण ग्रां प्रीत सुरू झाले. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंजुइक मार्गावर लोटस संघाच्या ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही विंगा एकाच शर्यतीत, चढाच्या एकाच माथ्यावर मोडल्या. दोन्ही गाड्या आदळल्या आणि रिंट जखमी झाला. त्याच महिन्यात मोनॅको येथे उंच विंगांना मज्जाव करण्यात आला. १९७५ साली त्याच मोंजुइकवर आघाडीवर असलेल्या रॉल्फ श्टोमेलेनच्या गाडीची विंग तुटून गाडी कठड्यापलीकडे गेली आणि माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर तेथे ग्रां प्री कधीच झाली नाही. निष्णात अभियंत्यांनी बांधलेल्या आधारांची ही कथा आहे.

आता वेगाच्या दप्तराविषयी. मोबाइलमधील अ‍ॅप हेच डेटा लॉगर, असा एक समज आहे. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे सरकते. सेकंदाला एकच नोंद घेणारा साधा जीपीएस असेल, तर ब्रेकवर पाय कोठे पडला आणि कोठून उचलला, हे सारे दोन नोंदींच्या मधल्या अंधारात जाते. सेकंदाला दहा नोंदी मिळाल्या तर दर ३.३ मीटरला एक बिंदू मिळतो. पंचवीस मिळाल्या तर दर १.३ मीटरला. शिवाय डॅशबोर्डवर चिकटविलेला फोन स्वतःच थरथरतो. आणि वळणावर गाडी तीन अंश कलली तर त्यातील वेगवृद्धिमापक गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के इतके खोटे बल दाखवितो. थरथर टाळण्यासाठी मापक गाडीच्या गुरुत्वमध्याजवळ, तळाशी, घट्ट बोल्ट करून बसवितात. जीपीएसने दाखविलेला वेग चांगला विश्वसनीय असतो, पण स्थान मात्र काही मीटरांनी चुकू शकते. सबब ‘मी वळणाची आतली कड नेमकी गाठली’ असा दावा साध्या जीपीएसच्या नकाशावरून करता येत नाही.

लॉगर आणि टेलिमेट्री एकच, हाही एक भ्रम. लॉगर नोंदी गाडीतच साठवितो. टेलिमेट्री त्या चालू फेरीतच पिटमध्ये पाठविते. उलट दिशेने, म्हणजे पिटमधून गाडीच्या यंत्रणेत बदल करण्याची मुभा फॉर्म्युला वनमध्ये २००२ साली होती आणि २००३ पासून ती बंद झाली.

परंतु नोंदींचे खरे मोल ज्या ठिकाणी आहे, तिकडे लोक पाहतच नाहीत. सर्वाधिक वेग किती गाठला, हा आकडा अभिमानाने सांगितला जातो; पण शिकणाऱ्याच्या आलेखात पाहावयाचे ते दोन रेषांमधील मोकळे अंतर. ब्रेकची रेषा शून्यावर आली आहे आणि अ‍ॅक्सिलरेटरची अजून उठलेली नाही, अशा अर्ध्या सेकंदात १०० च्या वेगाने गाडी जवळजवळ १४ मीटर नुसती वाहत जाते. प्रत्येक वळणावर तसे घडले तर फेरीअखेर होणारे नुकसान कोणत्याही विंगेने भरून निघणारे नाही. दोन फेऱ्यांची तुलनाही वेळेवर नव्हे, तर अंतरावर आलेख मांडून करावी; म्हणजे त्याच वळणाच्या त्याच बिंदूपाशी दोन्ही फेऱ्या समोरासमोर येतात.

आणि विंग खरोखर काम करते की नाही, हे सांगणारे साधन हेच दप्तर होय. मागील प्रत्येक चाकापाशी स्प्रिंग दर मिलिमीटरला अडीच किलो भार घेत असेल, तर १६० च्या वेगाला वरील विंगेने गाडीचा मागचा भाग सुमारे १३ मिलिमीटर खाली बसला पाहिजे, ८० ला ३ मिलिमीटर, आणि ४० ला एक मिलिमीटरही नाही. शॉकअपपाशी लावलेला साधा मापक ही गोष्ट बिनचूक नोंदवितो. त्यासाठी आधी विंगेविना, मग विंगेसह आणि पुन्हा विंगेविना अशा फेऱ्या कराव्या. टायरमधील हवा, इंधन आणि चालक तोच ठेवावा. तिसरी तपासणी वगळली, तर टायर तापल्याने झालेला फायदा विंगेच्या खाती जमा होतो.

ही परीक्षा घाटात होणे नाही. डोंगराच्या कुशीत उपग्रह झाकले जातात, कशेडीच्या बोगद्यात ते नाहीसेच होतात. आणि ज्या रस्त्यावर पुढच्या वळणाआड गुरे, दगड किंवा दुचाकी असू शकते, तेथे एक फेरी दुसरीशी जुळत नाही. जुलै २०१८ मध्ये आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून सुमारे तीस जीव गेले, आणि केवळ एक जण वाचला. ते शर्यतीला नव्हे, सहलीला निघाले होते. ती दरी मात्र आजही तेथेच आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील व उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत असे फेरफार करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तिची पुष्टी केली. विंग त्यात मोडते की नाही याविषयी शंका असल्यास गाडीला हात लावण्यापूर्वी पेणच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारावे. सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या लेखी परवानगीवाचून शर्यत लावणे हा कलम १८९ अन्वये अपराध असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

महाड-पोलादपूरच्या ज्या तरुणास हा छंद मनापासून जोपासावयाचा आहे, त्याने विंगेच्या आधी लॉगर घ्यावा आणि मोटारीच्या आधी कार्ट चालवावे. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीत त्याची सोय आहे. अभियांत्रिकीची ओढ असेल तर महाडच्या उत्तरेस महामार्गावरच लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आणि हे हिशेब तेथील यंत्र अभियांत्रिकीच्या विषयांत बसणारे आहेत. गाडी पुरेशी तयार झाली की मद्रासचा ३.७१७ किलोमीटरचा किंवा नोएडाजवळील बुद्ध मार्गाचा ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक आहेच. तेथे विंग बसवावी, नोंदी घ्याव्या, आणि परतीच्या रस्त्याला लागण्यापूर्वी विंग उतरवून डिकीत ठेवावी.