ग्लँड की सील?

शिडाची नौका वाऱ्यावर चालते हे खरे असले, तरी बंदरात शिरताना, वारा पडल्यावर किंवा खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा जोर असताना तिलाही लहानसे डिझेल इंजिन लागतेच. आणि इंजिन पोटात व पंखा बाहेर पाण्यात अशी रचना असल्यामुळे त्या दोहोंना जोडणारा शाफ्ट जलरेषेच्या खालून, तळाला भोक पाडूनच, बाहेर काढावा लागतो. शाफ्ट अखंड फिरावा आणि समुद्र मात्र आत येऊ नये, याचा बंदोबस्त जेथे होतो त्या जागी काय बसवावे, हा निर्णय मालकाने दुकानदाराच्या शिफारशीवर सोपवू नये, असे माझे मत आहे.

सर्वांत जुनी तजवीज ग्लँडची. कांस्याच्या पोकळ डबीत शाफ्टभोवती चरबीत भिजवलेल्या चौकोनी दोरीची तीन-चार कडी बसवतात. प्रत्येक कडे शाफ्टवरच मापून तिरके कापायचे, सांधे एकासमोर एक येऊ द्यायचे नाहीत, आणि मग नट बेताने आवळायचा. पाणी ठिबकते म्हणून नवखा मालक हा नट करकचून आवळतो, आणि तेथेच घात होतो; कारण ते थेंबच दोरीला थंड ठेवतात, आणि ते थांबले की दोरी तापून करपते व शाफ्टवर खाच पाडते. इंजिन चालू असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडावेत, इंजिन थांबताच गळतीही थांबावी, आणि ग्लँडवर हात सहज ठेवता यावा; एवढे पाणी तासाभरात चहाचे दोन चमचेही भरत नाही.

ओठाच्या रबरी सीलमध्ये हे ठिबकणे नसते. ते स्वस्त आणि सुटसुटीत खरे, पण त्याचा मऊ ओठ थेट शाफ्टवर घासत असल्यामुळे शाफ्ट गुळगुळीतच हवा; जुन्या ग्लँडने खाच पाडलेल्या शाफ्टवर ते बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

तिसऱ्या प्रकारात कार्बनची स्थिर चकती आणि शाफ्टबरोबर फिरणारी स्टेनलेस पोलादाची चकती, ही दोन सपाट तोंडे एकमेकांवर दाबून पाणी अडवतात. तो दाब घड्यांच्या रबरी नळीचा असतो. बिल्ज, म्हणजे नौकेच्या तळाची पोकळी, कोरडे राहते, आणि शाफ्ट थोडा झिजलेला असला तरी चालते. परंतु ती नळी फाटली, किंवा पोलादी चकती शाफ्टवरून सरकली, तर पाणी एकाएकी व मोठ्या प्रमाणात आत येते. या जातीच्या प्रसिद्ध पीएसएस सीलची नळी सहा वर्षांनी बदलावी, असे उत्पादकच सांगतात; ही मुदत जो पाळणार नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

ग्लँड आपली तक्रार महिनोन्‌महिने आधी, थेंबाथेंबाने, कळवते. चकतीचे सील बहुधा मौन पाळते. म्हणून दूरच्या सफरीवर जाणाऱ्या, जवळ गोदी नसलेल्या नौकेला मी ग्लँडच सुचवीन, कारण तिची दोरी, थोडे पाणी आत येऊ देण्याची तयारी असेल तर, नौका पाण्यात असतानाही बदलता येते. दरवर्षी जमिनीवर ओढली जाणारी, तळ कोरडा ठेवू इच्छिणारी नौका असेल तर मात्र चकतीचे सील निःसंशय सुखावह.

सील निवडण्याआधी इंजिन व शाफ्ट एका रेषेत आहेत की नाहीत, आणि शाफ्टला आधार देणारे बेअरिंग किती झिजले आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. आरंभीच्या पंख्याच्या आगबोटींत धातूची बेअरिंगे इतक्या लवकर झिजत, की १८५४ मध्ये इंग्लंडच्या जॉन पेन यांनी लिग्नम व्हिटी या कठीण, स्निग्ध लाकडाच्या पट्ट्या बसवून समुद्राच्या पाण्यालाच वंगण केले; आज त्यांच्या जागी खोबणीदार रबर आले, तत्त्व तेच. बेअरिंग सैल असले की शाफ्ट थरथरतो, आणि थरथरणाऱ्या शाफ्टपुढे कितीही महागडे सील फार काळ टिकत नाही.

चकतीचे सील घेतलेच, तर नळीच्या प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लँप आणि पोलादी चकतीपुढे शाफ्टवर एक जादा कडे बसवावे. आणि हवा काढणारी वेगळी नळी नसेल, तर नौका पाण्यात उतरताच, इंजिन सुरू करण्यापूर्वी, कार्बनची चकती हाताने किंचित मागे दाबून आत अडकलेली हवा जाऊ द्यावी, म्हणजे दोन्ही तोंडे कोरडी घासणार नाहीत.