लघुरेल्वेचा कालनिश्चय : पिंपरी-चिंचवड परिसराच्या संदर्भात

आगगाडीची लघुप्रतिकृती तयार करणे हा पुष्कळांच्या मते केवळ फावल्या वेळचा छंद होय. संशोधन-पत्रिकेने त्याची दखल घेण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु अशी प्रतिकृती एखाद्या प्रत्यक्ष स्थळाची असेल, तर ती करणाऱ्याला पहिल्याच पायरीवर एका शुद्ध ऐतिहासिक प्रश्नाला उत्तर द्यावे लागते : हे स्थळ कोणत्या काळातील दाखवावयाचे? पुणे-लोणावळा लोहमार्गावरील पिंपरी-चिंचवडचा पट्टा उदाहरणादाखल घेऊन या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. प्रतिकृती दोन प्रकारच्या असतात. पुण्यात कोथरूड येथे कै. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यातील नगर काल्पनिक आहे. वाफेच्या इंजिनापासून आधुनिक जलद गाड्यांपर्यंत नाना प्रकारच्या गाड्या तेथे एकत्र धावतात, आणि त्यात काहीही वावगे नाही. त्या मांडणीचा उद्देश यंत्रकौशल्य दाखविणे व आनंद देणे हा आहे. अमुक गाव अमुक वर्षी असे होते, असे तिचे म्हणणे नाही. याउलट फलाटावर ‘चिंचवड’ अशी पाटी ज्या क्षणी लावली जाते, त्या क्षणी ती मांडणी एक विधान बनते. आणि विधान खरे किंवा खोटे असू शकते.

स्थळसंकोच आणि कालसंकोच

लघुरेल्वेत सर्वाधिक रूढ असलेल्या १:८७ या प्रमाणात एक किलोमीटरचे अंतर साडेअकरा मीटर होते. चिंचवड ते पिंपरी हे अंतर प्रमाणशीर दाखवावयाचे झाले तर कोणत्याही घरातील खोली पुरणार नाही. म्हणून अंतरे आखडावी लागतात, वळणे तीव्र करावी लागतात, कारखान्याच्या दहा छपरांऐवजी तीन दाखवावी लागतात. रूळांची गोष्टही अशीच आहे. आपल्याकडील ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर. १:८७ प्रमाणात ती सुमारे सवा एकोणीस मिलिमीटर व्हावयास हवी. परंतु या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ परदेशी प्रमाणगेजला अनुसरून साडेसोळा मिलिमीटरचे असतात. बहुतेक जण ही तडजोड पत्करतात.

स्थळाचा असा संकोच क्षम्य मानला जातो, कारण तो पाहणाऱ्यापासून लपत नाही. टेबलावरील दोन स्थानके खरोखर इतकी जवळ नाहीत, हे लहान मुलासही कळते. काळाचा संकोच मात्र या प्रकारचा नाही. १९३० चा डबा, १९६२ चा कारखाना व १९७२ ची स्कूटर एका फलाटाशेजारी मांडली, तर ती एकमेकांची समकालीन नाहीत हे पाहणाऱ्यास कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. उलट, प्रत्येक वस्तू शेजारच्या वस्तूच्या खरेपणाची साक्ष देऊ लागते. स्थळसंकोच ही उघड तडजोड आहे. कालसंकोच ही नकळत केलेली फसवणूक ठरते. कालनिश्चयाचे महत्त्व आहे ते यामुळे.

या मार्गाचे कालखंड

युरोपातील लघुरेल्वे-संघटनांच्या ‘मोरोप’ या महासंघाने रेल्वेच्या इतिहासाचे सहा कालखंड कल्पिले असून उत्पादक आपल्या मालावर त्यांचे क्रमांक छापतात. ही विभागणी तिकडील घडामोडींवर, म्हणजे दोन महायुद्धे, राष्ट्रीय रेल्वेसंस्थांची स्थापना, वाफेचा अस्त यांवर आधारलेली आहे. ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्या मार्गाचे कालखंड त्याच्याच इतिहासातून काढले पाहिजेत. ते स्थूलमानाने पाच होतात.

पहिला, १८५८ ते १९२९. खंडाळा-पुणे मार्ग १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाला. बोरघाटातील चढाचा मार्ग मात्र १८६३ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे आरंभीची सुमारे पाच वर्षे हा घाटमाथ्यावरचा मार्ग खालच्या मार्गापासून तुटलेला होता. हा काळ वाफेचा व ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा. तिचा कारभार १९२५ मध्ये सरकारने आपल्याकडे घेतला.

दुसरा, १९२९ ते १९५१. १५०० व्होल्ट डीसी विजेची तार १९२९ मध्ये पुण्यापर्यंत आली आणि १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ सुरू झाली. प्रत्येकी सात डब्यांच्या तिच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी रंगाची व तांबड्या पट्ट्यांची, दुसरी निळी व सोनेरी रेघांची.

तिसरा, १९५१ ते १९६६. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे अस्तित्वात आली. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना होऊन पुढील वर्षी उत्पादन सुरू झाले. १९६० च्या सुमारास आकुर्डीस बजाजचा स्कूटर-कारखाना आला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. जून १९५५ मध्ये ‘राणी’ला तिसरा वर्ग जोडला गेला व १९६६ मध्ये तिचे जुने डबे जाऊन पेरांबूरचे पोलादी डबे आले.

चौथा कालखंड कारखान्यांच्या नगराचा. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात टेल्कोचा कारखाना उभा राहिला; १९७० मध्ये नगरपालिका, १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल आणि १९८२ मध्ये महानगरपालिका असा हा क्रम आहे.

पाचवा कालखंड नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस सुरू होतो आणि तो मुख्यतः रस्त्याचा आहे. चाकणला बजाजचा कारखाना १९९९ मध्ये, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव मोटार-उद्योगाचे केंद्र बनले, पण तेथे लोहमार्ग नाही. चाकणच्या कारखान्यांची प्रामाणिक प्रतिकृती करावयाची, तर तीत रूळ घालता येणार नाहीत. लघुरेल्वेकाराला हे निराशाजनक वाटेल. परंतु या औद्योगिक पट्ट्याची पहिली पिढी लोहमार्गालगत आणि पुढची महामार्गालगत का वाढली, हा प्रश्न या अडचणीतूनच पुढे येतो.

पूर्वमर्यादा व उत्तरमर्यादा

कालखंड ठरला म्हणजे काम संपले असे नव्हे. तिसऱ्या कालखंडाच्या आरंभी पिंपरीस कारखाना नाही. अखेरीस कारखान्यांची रांग आहे. म्हणून कालखंडाच्या आत एक वर्ष, आणि शक्य तर एक महिना, निवडावा लागतो. यासाठीची पद्धती आपल्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाही. काल नमूद नसलेल्या हस्तलिखिताचा काळ ठरविताना आपण त्यातील उल्लेखांवरून पूर्वमर्यादा व उत्तरमर्यादा निश्चित करतो. येथे तीच क्रिया उलट दिशेने करावयाची आहे : वर्ष आधी निवडावयाचे आणि प्रत्येक वस्तूच्या दोन्ही मर्यादांमध्ये ते बसते की नाही हे तपासावयाचे.

उदाहरण म्हणून डिसेंबर १९६२ हा महिना घेऊ. ‘राणी’चे जुने डबे चालतील, कारण त्यांची उत्तरमर्यादा १९६६ आहे; मात्र तिसऱ्या वर्गाचा डबा जोडलेला हवा, कारण त्याची पूर्वमर्यादा १९५५ आहे. गाडीच्या अंगावर जुन्या कंपनीची अक्षरे चालणार नाहीत. तिकिटाच्या दराची पाटी रंगवावयाची असेल, तर तीत आणे नकोत, नवे पैसे हवेत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून चालू झाली. लोकल गाडी दाखविता येणार नाही. पवनेच्या पात्रात हिवाळ्यातील उतरते पाणी दाखवावे; वरचे धरण त्यानंतरचे आहे. मार्गशीर्षात चिंचवडास मोरया गोसावींचा समाधी-उत्सव असतो. फलाटावर व गावाच्या वाटेवर यात्रेकरू दाखविले तर ते उचितच होईल.

या पट्ट्यात मुंबई-पुणे रस्ता लोहमार्गाच्या सोबतीने जातो. त्यामुळे रस्त्यावरील वाहनेही गाडीइतकीच काळाची साक्षीदार असतात. १९६२ मध्ये आकुर्डीची स्कूटर म्हणजे व्हेस्पा. ‘चेतक’ १९७२ ची. इंजिनाकडे सारे लक्ष द्यावे आणि फाटकापाशी चेतक उभी करावी, ही चूक सहज घडते. आणि ती गंभीर आहे, कारण या गावाचे नाव देशभर ज्या वस्तूमुळे झाले, तिच्याच इतिहासाविषयी ती गैरसमज पसरविते.

विजेच्या तारेविषयीही सावध असावे. डीसी पद्धतीत प्रवाह मोठा असल्यामुळे तारा जाड व भारी असतात. एकविसाव्या शतकात या मार्गावर २५ हजार व्होल्ट एसी पद्धत आली, तिच्या तारा त्या मानाने हलक्या असतात. आजचे छायाचित्र समोर ठेवून १९६२ चे खांब व तारा केल्यास चूक होणारच.

वाफेचे इंजिन हा मोठाच मोह होय. पुणे स्थानकाची प्रतिकृती असेल तर १९६२ मध्ये वाफ व वीज शेजारी-शेजारी दाखविता येतात, कारण विजेची तार तेथे संपत होती आणि दौंडकडे जाणाऱ्या गाड्या पुढे वाफेवर जात. मिरजेचा मीटरगेज मार्गही तेव्हा होता. चिंचवडच्या फलाटावर त्याच दोन इंजिनांची भेट घडवून आणावयाची असेल तर स्वतंत्र पुरावा लागेल. वर्ष तेच असूनही अवघ्या काही मैलांनी उत्तर बदलते. काळाचा निर्णय स्थळावाचून होत नाही तो असा.

दुसरा मोह बाजाराचा. भारतीय इंजिनांच्या तयार प्रतिकृती फार थोड्या मिळतात. घाटातील मालगाड्यांचे ‘खेकडा’ या टोपणनावाचे विद्युत इंजिन १९२८ पासूनचे असून त्याचा आराखडा स्विस ‘क्रोकोडाइल’ इंजिनाच्या कुळातला आहे. आणि त्या स्विस इंजिनाच्या प्रतिकृती मात्र सहज उपलब्ध असतात. रंग बदलून तीच वापरावी असे वाटते. परंतु स्विस इंजिनाच्या दोन्ही टोकांस भार वाहणाऱ्या, पण न ओढणाऱ्या, चाकांची एकेक जोडी आहे. आपल्या इंजिनास ती नव्हती. युरोपातील छंदिष्ट पुष्कळदा बाजारात जे मिळते त्यावरून कालखंड ठरवितो. आपल्याकडे बहुतेक सर्व हातानेच घडवावे लागते. ही अडचण खरी, पण त्यामुळेच येथील कर्त्यास दुकानाऐवजी पुराव्याच्या आधारे वर्ष निवडण्याचे स्वातंत्र्य मिळते.

एकवयी मांडणीचा दोष

कालविपर्यास टाळण्याच्या भरात नेमका उलट दोष घडू शकतो. निवडलेल्या वर्षी जे नवे होते तेवढेच मांडावयाचे, असे केल्यास सर्व वस्तू एकाच वयाच्या होतात. असे कोणतेही खरे गाव नसते. १९६२ च्या चिंचवडात सतराव्या शतकातील मंदिर आहे, तीसच्या दशकातील इंजिन आहे, बैलगाडी आहे, फाळणीनंतर वसलेल्या पिंपरीच्या निर्वासित छावणीतील सिंधी वस्ती आहे आणि नव्या कारखान्याची अजून चुना न लागलेली भिंतही आहे. उत्तरमर्यादेइतकेच लक्ष टिकून राहिलेल्या वस्तूंकडे द्यावे लागते. निवडलेले वर्ष म्हणजे अनेक काळांचा एक छेद होय.

निवडीचा निकष

मग पाचांपैकी कोणता कालखंड घ्यावा? १९३० चे वर्ष सर्वांत देखणे आहे यात शंका नाही. परंतु त्या वर्षी पिंपरी-चिंचवड हे स्थळ ‘राणी’च्या खिडकीतून दिसणारे शेत एवढेच आहे. १९७८ नंतर कारखाने इतके दाट होतात की आधी तेथे काय होते हे दिसेनासे होते. १९५५ ते १९६६ या अकरा वर्षांत मात्र शेत व कारखाना, यात्रेकरू व कामगार, दोन्ही एका चौकटीत उभे आहेत. ज्या जमिनीवर पुढे शेड उभी राहिली, तिच्यावर अजून पीक आहे. जे वर्ष दाखविल्याने स्थळाचे स्थित्यंतर कळते ते निवडावे, हा निकष मला ग्राह्य वाटतो.

या निवडीत आणखी एक निकड आहे. गॅझेटियरची १९५४ ची सुधारित आवृत्ती, जुने नकाशे व वेळापत्रके ग्रंथालयात राहतील. परंतु कोणत्या बांधावर कोणते झाड होते, फाटकापाशी चहाची टपरी कोणत्या बाजूस होती, संपादन झालेल्या शेतात काय पिकत असे, हे सांगणारी माणसे आज वार्धक्यात आहेत आणि ती शेते जागेवर नाहीत. त्यांना विचारून केलेली प्रतिकृती हा त्या भूदृश्याचा बहुधा एकमेव त्रिमितीय लेख ठरेल; आणि न विचारता केलेली प्रतिकृती, केवळ दिसायला सुबक म्हणून, पुढील पिढीकडून पुरावा म्हणून स्वीकारली जाईल.

म्हणून अशा प्रत्येक प्रतिकृतीसोबत एक काळपत्रक असावे. त्यात निवडलेले वर्ष व महिना, प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूची पूर्वमर्यादा व उत्तरमर्यादा, तिचा आधार कागद, छायाचित्र की तोंडी साक्ष, आणि जेथे केवळ अनुमान केले असेल तेथे तसा स्पष्ट उल्लेख, एवढ्या गोष्टी नमूद कराव्यात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखाद्या स्थानकापुरते असे काळपत्रक सत्राभरात सिद्ध केले, तर प्रतिकृती पुढे तयार होवो वा न होवो, त्या स्थानकाच्या इतिहासाचे एक विश्वसनीय साधन हाती आलेले असेल.