बी.एड.चा हिशेब : हप्त्याची तारीख ठरलेली, नोकरीची नाही

वऱ्हाडात मास्तरकीला आजही मान आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. तेव्हापासून अमरावती-अकोल्याच्या कास्तकार कुटुंबांतील कित्येक मुले शिकून शाळेत 'लागली' आणि घराला स्थिर उत्पन्न मिळाले. त्या आठवणीवर विसंबून आजही दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागांतील पालक बी.एड.साठी पदरमोड करतात, प्रसंगी कर्ज काढतात. मात्र पदवी आणि पगार यांच्यातील अंतर आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. त्यामुळे प्रवेशाच्या अर्जाबरोबरच कर्जफेडीचा हिशेबही मांडणे अगत्याचे ठरते.

पदवीनंतरची वाट

सन २००० नंतरच्या दशकात राज्यात डी.एड.च्या अध्यापक विद्यालयांचे पेव फुटले. २०१२ मध्ये शिक्षक भरतीला खीळ बसली आणि पदविका घेतलेले हजारो तरुण घरी बसले. पुढे विद्यार्थ्यांअभावी अनेक अध्यापक विद्यालयांना टाळे लागले. बी.एड.चा कालावधी २०१५ पासून एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला, म्हणजे खर्चही वाढला.

आता केवळ पदवी पुरेशी नाही. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, अर्थात टीईटी उत्तीर्ण व्हावी लागते. त्यावर 'टेट' म्हणून ओळखली जाणारी अभियोग्यता चाचणी आणि तिच्या गुणांवर 'पवित्र' पोर्टलमार्फत निवड. ही चाचणी प्रथम डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. दुसऱ्या चाचणीला २ लाखांहून अधिक उमेदवार बसले. त्यानंतर २०२४ मध्ये जाहिरात निघाली ती २१ हजारांहून काही अधिक पदांची. म्हणजे ढोबळमानाने दहांत एक. त्यातच ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीच्या वर्गांचे दार बंद झाले.

हप्त्याचे गणित

शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक महाविद्यालयाचे शुल्क स्वतंत्रपणे ठरवते, त्यामुळे एकच आकडा सांगता येत नाही. उदाहरणादाखल वर्षाचे शुल्क ३५ हजार आणि शहरातील खोली, मेस, पुस्तके यांचे ४० हजार धरू. दोन वर्षांचे दीड लाख रुपये झाले. हे सर्व कर्जाऊ घेतले आणि व्याजदर ११ टक्के मानला, तर अभ्यासक्रमाची दोन वर्षे व त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष संपेपर्यंत सरळव्याजाचे ४१,२५० रुपये चढतात. फेडायची रक्कम १,९१,२५० रुपये होते. पाच वर्षांत फेडायची तर मासिक हप्ता सुमारे ४,१६० रुपये.

आता उत्पन्नाची बाजू. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये आहे. १८ हजारांतून हप्ता गेला तर जवळपास चौथा हिस्सा जातो. ओढाताण होते, पण निभते. तीन वर्षांनंतर माध्यमिक शिक्षकाची वेतनश्रेणी ३८,६०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. तिथे हे कर्ज किरकोळ वाटते.

खरा प्रश्न निवड न झालेल्यांचा आहे. विनाअनुदानित शाळेत किंवा शिकवणी वर्गात महिना ८ हजार मिळाले असे धरले, तर निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यातच जाते. बँकेची सवलत अभ्यासक्रमानंतर एक वर्षाची. दोन अभियोग्यता चाचण्यांमध्ये मात्र पाच वर्षांचे अंतरही पडलेले आहे. धोका दीड लाखाच्या रकमेत तितकासा नाही. तो या दोन मुदती न जुळण्यात आहे.

पीक कर्जाशी गाठ

४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सर्वसाधारणपणे तारण लागत नाही, परंतु पालक सहकर्जदार असतात. हप्ते थकले की नोंद वडिलांच्या नावावरही होते आणि पेरणीच्या तोंडावर पीक कर्जाच्या वेळी अडचण उभी राहू शकते. काही घरांत पीक कर्जाचेच पैसे शुल्कात भरले जातात. हे अधिक महागात पडते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज बिनव्याजी पडते ते मुदतीत फेडले तरच. कपाशी किंवा सोयाबीन हातचे गेले, तर ही सवलतही जाते. नोकरी लावून देतो म्हणून कोणी रक्कम मागत असेल तर तो व्यवहार बेकायदा असतोच, शिवाय त्याची पावती नसते आणि त्यासाठी काढलेले पैसे बहुधा सावकाराचे असतात.

भार हलका कसा होईल?

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की, प्रवेश केंद्रीभूत फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत मिळत नाही. वरील उदाहरणातील शुल्क वगळले तर कर्ज ८० हजारांवर येते आणि हप्ता सुमारे २,२२० रुपये होतो. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. ती आपल्या महाविद्यालयाला व अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे बँकेकडून लेखी घ्यावे. गावाहून ये-जा शक्य असेल तर खोली-मेसचा खर्चही वाचतो.

महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे : मागील तुकड्यांतील किती जण टीईटी उत्तीर्ण झाले आणि किती जणांना अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक मिळाली? विषयही पाहावा. गणित, विज्ञान, इंग्रजीच्या शिक्षकाला शिकवणीचा आधार मिळतो. इतर विषयांत तो तितका सहज मिळत नाही.

साधा निकष असा ठेवता येईल : नोकरी न मिळता केवळ ८-१० हजारांवर राहावे लागले, तरी हप्ता त्या मिळकतीच्या चौथ्या हिश्शापुढे जाऊ नये. तेवढ्यात बसेल तितकेच कर्ज घ्यावे. उरलेल्याची तजवीज शुल्कमाफी, शिष्यवृत्ती किंवा अर्धवेळ कामातून करावी. तेही जमत नसेल, तर वर्षभर थांबून, कमावून प्रवेश घेण्यात कमीपणा नाही. बी.एड.ची पदवी वर्षभर उशिरा मिळाली तरी चालते, थकलेला हप्ता मात्र वडिलांच्या पुढच्या पेरणीच्या आड येऊ शकतो.