सुईच्या उजवीकडे किती जागा?

अंबडच्या एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या शॉपमध्ये सी-फ्रेम पॉवर प्रेस बाजूने पाहावी. वर ठोकणारा रॅम, खाली टेबल आणि दोघांना जोडणारा मागचा जाड खांब. पत्रा आत सरकवला की तो त्या खांबाला जाऊन टेकतो. शिलाई मशीनचा सांगाडाही असाच असतो. ब्लाउज शिवताना त्याची आठवण होत नाही, पण डबलबेडची गोधडी शिवायला घेतली की उजवीकडचा खांब आडवा येतोच.

हाताने घातलेल्या धावदोऱ्याला हा अडथळा नाही. एकच सुई, एकच दोरा, आणि गोधडी जमिनीवर पसरलेली. मशीनच्या टाक्याला मात्र दोन दोरे लागतात. सुई खाली जाऊन किंचित वर येते, तेवढ्यात दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि शटलचं टोक तो पकडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतं. सुई आणि शटलची ही गाठ मिलिमीटरच्या अंशाने चुकली तरी टाका सुटतो. म्हणून वरची यंत्रणा आणि खालची यंत्रणा एकाच ताठ चौकटीत बांधावी लागते. एलियस होवेच्या 1846च्या मशीनमध्ये कापड उभं टांगलेलं असे. आयझॅक सिंगरने 1851मध्ये पेटंट घेतलेल्या मशीनमध्ये कापड आडव्या पाटावर आलं आणि सुई वरून झुकलेल्या हातात गेली. सोय मोठी झाली, पण त्या हाताबरोबर जागेची मर्यादाही आली.

आता थोडं गणित. 60 इंच रुंद गोधडीच्या मधोमध टाका घालायचा तर अर्धी, म्हणजे 30 इंच (76 सेंटिमीटर) गोधडी गुंडाळून हाताखाली ठेवावी लागते. गुंडाळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले जाडी. जाडी 2 सेंटिमीटर धरली तर गुंडाळीचा व्यास सुमारे 14 सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच इंच येतो. सुईपासून खांबापर्यंत 7 इंच असतील तर हात फिरवायला उरतो दीड इंच. तीच जागा 9 इंच असेल तर साडेतीन. मशीन दोनच इंचांनी वाढलं, कामाची मोकळी जागा मात्र दुपटीहून जास्त झाली. कॅटलॉगमध्ये हे दोन इंच किरकोळ वाटतात, म्हणून लोक भरतकामाचे नमुने किती आहेत ते मोजत बसतात.

जाडी निम्मी झाली तर व्यास निम्मा होत नाही, वर्गमूळाच्या हिशोबाने 10 सेंटिमीटरवर येतो. जुन्या सुती लुगड्यांचे सात-आठ थर धरले तरी जाडी दोनेक मिलिमीटरच भरते. अशी गोधडी घट्ट गुंडाळली तर पाच सेंटिमीटरच्या आत मावते आणि आजीच्या काळ्या मशीनवरही शिवून होते. खरी पंचाईत फुगीर पॉलिएस्टर भरण्याची किंवा कापसाच्या रजईची. लुगड्यांच्या गोधडीचा त्रास वेगळा असतो, तिच्या वजनाचा. टेबलावरून लोंबणारी गोधडी मागे ओढते, खालचे दाते तिला पुढे सरकवू शकत नाहीत आणि टाके आखूड पडतात. त्यावर उपाय म्हणजे मशीनच्या डावीकडे आणि मागे त्याच उंचीचं टेबल. तो नव्या मशीनपेक्षा स्वस्तच पडतो.

मग हात सरळ 20 इंच लांब का करत नाहीत? एका बाजूने धरलेल्या दांड्याचा झोल लांबीच्या घनाने वाढतो. जाडी आणि भार तेच ठेवून लांबी तिप्पट केली तर झोल 27 पट. मिनिटाला शेकडो टाके घालताना हे चालणार नाही, म्हणून लांब हात जाड आणि जड करावा लागतो, किंमतही त्याप्रमाणे चढते. कारखान्यातल्या जुकीसारख्या मशीनना दहा-बारा इंच जागा मिळते, पण त्यांना स्वतंत्र टेबल आणि तेलपाणी लागतं. व्यावसायिक लाँगआर्म मशीनमध्ये तर उलटंच केलेलं आहे. गोधडी चौकटीवर ताणलेली राहते आणि मशीनच रुळांवर फिरतं. तिथेही शिवलेला भाग रोलरवर गुंडाळला जाऊन सुई आणि खांबाच्या मधल्या जागेतच येतो, त्यामुळे शेवटच्या रांगा सुरुवातीपेक्षा अरुंद पडतात.

घरच्या छोट्या मशीनवर जाड गोधडी करायचीच असेल तर ती तुकड्यांत शिवून मग जोडावी. नवं मशीन घ्यायचं असेल तर घरची गोधडी अर्धी गुंडाळून दोरीने बांधा आणि दुकानात न्या. ती हाताखाली सरकवून पाहा. रुंदीइतकीच उंचीही तपासा, कारण सुईजवळची यंत्रणा खाली उतरलेली असते आणि गुंडाळी पहिल्यांदा तिथेच अडते.