कथील: तिकडे ताट, इकडे कल्हई

सतराव्या-अठराव्या शतकात अमेरिकेतल्या खाऊनपिऊन सुखी घराच्या फडताळात प्यूटरची ताटे, वाडगे, चमचे आणि पेले मांडलेले असत. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील. कडकपणासाठी त्यात थोडे तांबे किंवा अँटिमनी घालत, हलक्या मालात शिसे. आपल्याकडे कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावात त्याच कथलाला वेगळे काम होते. इथे ऐपतीच्या घरातली भांडी तांब्या-पितळेची, आणि कथील त्यांच्या आतल्या अंगाला, कल्हई म्हणून.

कथील दोन्हीकडे बाहेरूनच यायचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे यांची नोंद आहे. पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर, असेही त्यात म्हटले आहे. कन्नडजवळची पितळखोरा लेणी याच व्यापारी वाटेच्या आसऱ्याने वाढली, असे मानतात. तिथल्या शिलालेखांत पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान आहे, आणि तिथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव आहे.

अमेरिकेतल्या वसाहतींत तयार प्यूटर इंग्लंडहून येई, कच्चे कथील मात्र महाग पडे. म्हणून तिथला कारागीर मोडीवर जगला. चेपलेले ताट घ्यायचे, वितळवायचे आणि पितळी साच्यात ओतून नवे करायचे. जेम्सटाउनच्या उत्खननात चमच्याचा एक दांडा मिळाला. त्यावर जोसेफ कोपलंड हे कारागिराचे नाव, चकाटक हे व्हर्जिनियातले गाव आणि १६७५ हे साल उमटवलेले आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते घेणाऱ्याचे किंवा आहेर करणाऱ्याचे, लग्नाच्या तारखेसकट. मोडीचा व्यवहार मात्र इथेही तोच. जुना हंडा तराजूत टाकायचा, वजनाचे पैसे वळते करून नवी कळशी न्यायची. अडीनडीला भांडी गहाणही पडत.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे प्यूटरचे भांडे विस्तवावर चढले नाही. तिथला स्वयंपाक ओतीव लोखंडाच्या हंड्यांत होई. तोच गुण कल्हईवाल्याच्या मात्र कामी आला. भांडे वाळूने लख्ख घासायचे, भाता मारून निखाऱ्यांवर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची. धातूवरची पुटे त्याने सुटतात आणि पांढरा धूर उठतो. मग कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेला थेंब कापसाच्या बोळ्याने सर्वत्र फिरवायचा. एवढ्याशा कथलाने अख्खे पातेले आतून रुपेरी होते.

ही खटपट आपल्या आंबट जेवणामुळे. ताक, चिंच, आमसूल उघड्या तांब्या-पितळेला लागले की पदार्थ कळकतो, आणि तांबे पोटात गेले की मळमळते. कल्हई मध्ये आडवी येते. घासून-घासून ती उडते, म्हणून कल्हईवाल्याची फेरी ठरलेली. भेसळीची भीती दोन्हीकडे सारखीच: कथलात शिसे मिसळले की अन्नात विष उतरायची वाट मोकळी.

पुढे इंग्रजी चिनीमातीच्या स्वस्त बशांनी प्यूटरला टेबलावरून उठवले. शेफील्डमध्ये शिसे टाळून केलेल्या ब्रिटानिया धातूने त्याला काही काळ तगवले, इतकेच. त्याच शेफील्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले, आणि काही दशकांनी त्याच पोलादाने आपल्या मांडणीवरचे पितळ माळ्यावर धाडले. स्टील कळकत नाही, त्याला कल्हई लागत नाही. बाईचे घासायचे कष्ट कमी झाले, हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण पितळेच्या हंड्यामागे तांबट, कासार, कल्हईवाला आणि मोडवाला अशा चार जणांची चूल पेटत होती. आणि घरच्या बाईच्या हाती, वेळ आली तर मोडता येईल, असा ऐवज होता. स्टीलचे पातेले मोडीत काढले तर हाती जेमतेम चिल्लर येते.