परकी गाणी आणि आपला फड

फराळाच्या ताटाभोवती चार घरची माणसे जमली, की चिवड्याबरोबर एक तक्रार हटकून चघळली जाते : "हल्लीच्या पोरांना आपले काही नकोच!" पोरे बिचारी कानांत बोंडे खुपसून कोरियन गाणी ऐकत असतात, त्यामुळे ही तक्रार त्यांच्या कानी पडतच नाही. मग कुणीतरी काका उपाय सुचवतात, "सरकारने हे सगळे बंद करून टाकावे." दुसरी चकली संपण्यापूर्वी ठराव एकमताने मंजूर होतो.

मी नगरला कॉलेजात मराठी शिकवतो. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, जिभेला वळण लागायला थोडा अवधी द्या.) मराठी गाणे, नाटक, सिनेमा जगला तरच माझ्या विषयाला पुढे अर्थ राहणार. तेव्हा काकांच्या काळजीत मी पूर्णपणे सहभागी आहे. ठरावाला मात्र माझा विरोध आहे. कारण हा प्रयोग आपल्या देशात एकदा होऊन गेला आहे, आणि तोही एका मराठी मंत्र्याच्या हातून.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. माणूस विद्वान, शास्त्रीय संगीताचा मनापासून भोक्ता. सिनेमातल्या गाण्यांत पाश्चात्त्य चालींची भेसळ होते आणि लोकांची रुची बिघडते, असे त्यांचे मत होते. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काय करावे? त्यांनी मोर्चा काढला नाही की अर्ज केला नाही. रेडिओची सुई मुकाट्याने फिरवली आणि सिलोन लावले! त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या नावावर लिहिली गेली. आपलीच गाणी, आपलीच भाषा, आपलेच श्रोते. जाहिरातींचा पैसा मात्र समुद्रापलीकडे! अखेर १९५७ साली आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करून ती गाणी सन्मानाने परत आणावी लागली.

पण गोष्टीचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. ह्याच केसकरांच्या कारकीर्दीत, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात छप्पन्न गीते. तेव्हा कुणी मराठी माणसाला सिलोन लावू नका असे सांगितले नव्हते. तरी त्या वेळेला घरोघर रेडिओ पुण्यावरच असे. एकाच खात्याने एकाच काळात दोन गोष्टी केल्या. बंदीने माणसे दूर गेली आणि निर्मितीने ती ओढून आणली.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो. संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा नावाचे गाव आहे. पवळाबाई हिवरगावकर ह्या गावच्या. तमाशात बायकांची कामे 'नाच्या पोऱ्या' करीत असे, त्या काळात बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पठ्ठे बापूरावांच्या कवनांना त्यांचा गळा लाभला आणि त्या जोडीने महाराष्ट्राला वेड लावले. पुढच्या काळात कांताबाई सातारकरांनी संगमनेरलाच बिऱ्हाड केले. तुकाराम खेडकरांच्या पश्चात त्यांनी स्वतःचा फड उभा केला, पुरुषांच्या भूमिकाही गाजवल्या. २०२१ साली करोनाने त्यांना नेले.

फड म्हणजे केवळ नाचणे-गाणे नव्हे. तो एक फिरता कारखाना आहे. ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली. शिवाय तंबू ठोकणारे गडी, ट्रकचे चालक, आचारी. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो, चैत्र-वैशाखाच्या जत्रांत वर्षाची कमाई करतो आणि पावसाळ्यात त्या कमाईवर किंवा कर्जावर बसून खातो. २०२० आणि २०२१ साली लागोपाठ जत्रा बंद राहिल्या, तेव्हा हा कारखाना किती नाजूक आहे ते कळले. एक हंगाम बुडाला की ढोलकीवाला मजुरीला जातो आणि त्याचा मुलगा ढोलकीला हात लावीत नाही. परक्या गाण्याने कला मरते की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. कलावंताची चूल विझली की ती मरते, ह्यात वाद नाही.

आणि तमाशाने परक्याला कधी दार लावले? गण, गौळण, बतावणी, वग ही चौकट शाबूत ठेवून त्यात त्याने सिनेमाची गाणीही घेतली. कधी त्याचा अतिरेक झाला आणि लावणीलाच कोपऱ्यात बसावे लागले, हेही खरे. बाहेरचे घ्यावे कसे, हे ज्याला समजते तो टिकतो. ती समज तालमीत येते, आणि तालमीला सवड नि पोटाला भाकरी लागते.

माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी कोरियन गाण्यांची भक्त आहे. मी विचारले, "शब्द कळतात का गं?" म्हणाली, "सर, नाट्यसंगीतातले तरी सगळे कुठे कळतात?" उत्तर बिनतोड होते. तिला मी मग तिच्या लाडक्या देशाचीच गोष्ट सांगितली.

एके काळी कोरियालाच परक्यांची धास्ती होती. जपानी सिनेमा-गाण्यांना तिथे १९९८ पर्यंत मज्जाव होता. हॉलीवूडच्या भीतीने प्रत्येक चित्रपटगृहाला वर्षातले १४६ दिवस देशी चित्रपट दाखवण्याची सक्ती होती. २००६ साली ते दिवस निम्मे, म्हणजे ७३ झाले. पण नुसत्या सक्तीवर ते विसंबले नाहीत. 'ज्युरासिक पार्क' ह्या एका चित्रपटाची कमाई पंधरा लाख मोटारींच्या विक्रीएवढी आहे, असा हिशेब १९९४ साली तिथल्या सरकारपुढे मांडला गेला आणि करमणूक हाही उद्योग आहे हे त्यांनी मनावर घेतले. चित्रपट शिकवणारी सरकारी संस्था १९८४ पासूनच होती. तिथे शिकलेल्या बोंग जून-हो ह्यांच्या 'पॅरासाइट'ने २०२० साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवले. जपानला दार उघडल्यावर कोरिया बुडाला नाही. आमच्या नगरच्या पोरीपर्यंत पोचला!

आपल्याकडेही सक्तीचा प्रयत्न झाला. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन घालायचे ठरवले. ओरड झाली, आणि 'मोक्याची वेळ' दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत ताणली गेली. भर दुपारी बारा वाजता मोका कुणाला असतो, ते नोकरदार वाचकांनीच सांगावे. हक्काची वेळ मिळायलाच हवी. पण त्या वेळेत दाखवायचे ते घडवणारी माणसे कुठे तयार होतात, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

त्याचे एक उत्तर आमच्या नगरातच आहे. नागराज मंजुळे येथील न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकायला आले. त्यांच्या 'पिस्तुल्या' ह्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१६ साली त्यांच्या 'सैराट'साठी खेडोपाडी लोकांनी रांगा लावल्या. त्या रांगेत उभे राहायला कुणी हुकूम काढला नव्हता. तीच गोष्ट रंगभूमीची. सदाशिव अमरापूरकर नगरच्या हौशी नाटकांतून घडले, मग साऱ्या देशाने पाहिले.

तेव्हा काकांचा ठराव मी दुरुस्तीसह मांडतो. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटातला काही हिस्सा, मग चित्रपट हॉलीवूडचा का असेना, देशी चित्रपटांच्या निधीत जमा होतो. आपणही तसे करावे आणि त्या पैशातून पावसाळ्यात फडांना तालमीसाठी मानधन द्यावे, तालुक्याला एक चांगले नाट्यगृह बांधावे, आणि ढोलकी शिकवणाऱ्या वृद्ध कलावंताला मास्तराइतका पगार द्यावा. परक्या गाण्याची लोकप्रियताच मग आपल्या गाण्याच्या कामी येईल.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर एवढे आपल्या हातात आहे : ह्या सुट्टीत सबंध कुटुंबाने तिकीट काढून एक मराठी नाटक वा चित्रपट पाहावा, आणि चैत्रात गावच्या जत्रेची वर्गणी मागायला कुणी आले, तर "यंदा फड कुणाचा आणताय?" एवढे अवश्य विचारावे. पोरांनाही बरोबर न्यावे. कानातली बोंडे काढायला सांगू नये. ढोलकी चांगली वाजली तर ती आपोआप निघतील.