वीटचहा

वीटचहा हा चहाच्या झाडाची (कॅमेलिया सायनेन्सिस) पाने वाफवून, साच्यात दाबून व वाळवून विटेच्या आकारात तयार केलेला चिनी चहा आहे. त्यासाठी बहुधा जून पाने व काड्या वापरतात. चीनच्या सिच्वान, हुनान, हुपे आणि युन्नान या प्रांतांत तो तयार होतो. तिबेट, मंगोलिया व मध्य आशियातील पशुपालक समाजांच्या आहारात त्याला शतकानुशतके महत्त्वाचे स्थान आहे. भारतात तो मुख्यतः हिमालयीन प्रदेशांत आणि तिबेटी निर्वासितांच्या वसाहतींत परिचित आहे. महाराष्ट्रात पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील नॉर्ग्येलिंग ही अशी वसाहत आहे. वीटचहाच्या आरोग्यविषयक गुणांची चर्चा बरीच होते. मात्र त्यातील फ्लोराइडचे प्रमाण हा आरोग्याच्या दृष्टीने अधिक गंभीर विषय आहे.

स्वरूप आणि इतिहास

मराठीतील 'चहा', हिंदीतील 'चाय' आणि पोर्तुगीजांचा 'शा' ही सर्व नावे चिनी 'छा' या शब्दापर्यंत जातात. चहाचे हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलाँग, लाल (आपल्याकडे ज्याला काळा चहा म्हणतात तो) आणि गडद असे सहा मुख्य प्रकार चिनी परंपरेत मानले जातात. वीटचहा बहुतांशी गडद प्रकारात मोडतो. या प्रकारात पाने भाजल्यावर किंवा वाफवल्यावर सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने दीर्घकाळ आंबवली जातात. हुनान प्रांतातील 'फू' विटांमध्ये एका विशिष्ट बुरशीचे सोनेरी ठिपके मुद्दाम वाढू देतात. ते दोष नसून उत्तम प्रतीचे लक्षण समजले जाते.

मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट हुंग-वू याने १३९१ मध्ये दाबलेल्या चहाचा नजराणा बंद करून सुट्या पानांचा चहा पाठवण्याचा हुकूम काढला. तेव्हापासून चीनच्या अंतर्भागात सुटा चहा रूढ झाला आणि वीट सीमेवरील प्रदेशांसाठी राहिली. घोडे व याक यांच्या पाठीवरून आणि हमालांच्या खांद्यावरून ती डोंगराळ वाटांनी तिबेटात जाई, कारण ती टिकाऊ होती आणि कमी जागेत मावत असे. काही ठिकाणी तिचा चलन म्हणूनही उपयोग होई. सिच्वानमधील या-आन हे या व्यापाराचे मोठे केंद्र होते. चिनी चहाच्या बदल्यात तिबेटी घोडे, अशी ही देवाणघेवाण शतके चालली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी हिंदुस्थानी चहाच्या विटा तिबेटात खपवण्याचा प्रयत्न केला, पण तिबेटी ग्राहकांनी आपली चव सहजी बदलली नाही.

भंडारा जिल्हा आणि नॉर्ग्येलिंग

१९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांसाठी वेगवेगळ्या राज्यांत शेतीवर आधारित वसाहती वसवण्यात आल्या. त्यांपैकी नॉर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ मध्ये तत्कालीन भंडारा जिल्ह्यात, इटियाडोह धरणाजवळील गोठणगाव परिसरात स्थापन झाली. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. तेव्हापासून हा भाग गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात येतो. तरीही तिबेटी लोकांत ही वसाहत आजही 'भंडारा' या नावानेच ओळखली जाते.

थंड व उंच पठारावरून आलेल्या लोकांना येथे धानाचा प्रदेश, दमट पावसाळा आणि ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाणारा उन्हाळा मिळाला. आहारातही बदल झाले. परंपरागत लोणी-चहासाठी विटेचा तुकडा फोडून पाण्यात बराच वेळ, अनेकदा थोडा सोडा घालून, उकळतात. हा दाट काढा मीठ व लोण्यासह 'डोंगमो' नावाच्या उंच लाकडी नळकांड्यात घुसळतात. भारतातील वसाहतींत याकच्या लोण्याऐवजी गाई-म्हशीचे लोणी आणि डोंगमोऐवजी विजेवरचा मिक्सर वापरला जाऊ लागला. चिनी विटेबरोबर भारतीय चहापत्तीही वापरात आली. दूध-साखरेचा गोड चहा तर तिबेटी घरांत फार पूर्वीच रुळला आहे. असे असले तरी पूजाअर्चा, लोसार म्हणजे तिबेटी नववर्ष आणि पाहुणचार यांत खारट लोणी-चहाचे स्थान कायम आहे.

आरोग्यविषयक गुण

चहात कॅफिन, पॉलिफेनॉल गटातील संयुगे आणि थिअनिन हे अमिनो आम्ल असते. आंबवण्याच्या प्रक्रियेत कॅटेचिनचे प्रमाण घटते व 'थिआब्राउनिन' नावाची तपकिरी संयुगे तयार होतात. रक्तातील मेद व आतड्यांतील जीवाणू यांवर त्यांचा अनुकूल परिणाम होतो असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. माणसांवरील पुरावा मात्र मर्यादित आहे. त्यामुळे 'वजन घटवणारा', 'रक्त शुद्ध करणारा' अशा जाहिरातींना वैद्यकीय आधार मानता येत नाही.

तिबेटच्या पठारावर या पेयाचा खरा उपयोग साधा होता. भाजीपाला दुर्मीळ असलेल्या थंड प्रदेशात ते ऊब, उष्मांक, मीठ आणि भरपूर द्रव पदार्थ देई. सातूच्या पिठात (त्साम्पा) ते मिसळले की जेवणच होई. विदर्भातील हवामानात लोण्याच्या उष्मांकांची अशी गरज उरत नाही. याच कारणाने तेथील गुण येथे जसाच्या तसा लागू होत नाही.

फ्लोराइडचा प्रश्न

चहाचे झाड आम्लधर्मी जमिनीतून फ्लोराइड शोषून पानांत साठवते. पान जितके जून, तितका साठा अधिक. कळी व वरच्या दोन पानांपासून केलेल्या उंची चहापेक्षा जून पानांच्या विटेत तो अनेक पटींनी जास्त असतो. म्हणूनच चीनने २००५ मध्ये वीटचहासाठी किलोमागे ३०० मिलिग्रॅम फ्लोराइड ही कमाल मर्यादा ठरवली. जुन्या किंवा हलक्या प्रतीच्या विटांत याहून बरेच अधिक प्रमाण आढळलेले आहे. तिबेट, आंतरिक मंगोलिया, छिंगहाय व सिच्वानमधील पशुपालक समाजांत वीटचहामुळे होणारा फ्लुरोसिस हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून नोंदला गेला आहे.

फ्लुरोसिसचे दोन मुख्य प्रकार आहेत. दात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतील वयात, जादा फ्लोराइड पोटात गेल्यास दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी डाग पडतात. प्रौढांत अनेक वर्षांच्या सेवनाने हाडे व अस्थिबंध कठीण होतात; मान, पाठ आणि सांधे दुखतात व ताठरतात. ही लक्षणे संधिवातासारखी असल्याने निदान उशिरा होते. हाडांत झालेले बदल पूर्ववत करणारे औषध नाही. हा विकार केवळ विटेपुरता मर्यादित नाही. अमेरिकेत रोज १०० ते १५० चहापुड्यांचा दाट चहा १७ वर्षे पिणाऱ्या एका ४७ वर्षीय महिलेला अस्थी-फ्लुरोसिस झाल्याचे २०१३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते.

पूर्व विदर्भात या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, ती भूजलाची. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांच्याबरोबर भंडारा जिल्ह्याचे नावही फ्लोराइडबाधित जिल्ह्यांच्या याद्यांत आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. प्रौढांसाठी सर्व मार्गांनी मिळून दिवसाला १० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा अमेरिकन तज्ज्ञ संस्थेने सांगितली आहे. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ती केवळ २.२ मिलिग्रॅम आहे.

उदाहरणादाखल, १.५ मिलिग्रॅम फ्लोराइडचे चार लिटर पाणी उन्हाळ्यात सहज प्यायले जाते आणि त्यातून ६ मिलिग्रॅम फ्लोराइड मिळते. चिनी मर्यादेत बसणाऱ्या विटेचे १५ ग्रॅम बराच वेळ उकळले आणि त्यातील सर्व फ्लोराइड काढ्यात उतरले असे धरले, तर आणखी ४.५ मिलिग्रॅमची भर पडते. पाणी व चहा दोन्ही आपापल्या नियमात बसूनही बेरीज १०.५ मिलिग्रॅम होते. मुलांच्या बाबतीत तर अशा चहाचे मोजके पेलेही मर्यादा ओलांडू शकतात.

पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. हा गैरसमज सर्वत्र आढळतो. पाण्यातून फ्लोराइड काढण्याची तुरटी व चुना वापरणारी 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने विकसित केली. केंद्र शासनाचा राष्ट्रीय फ्लुरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला. चहाच्या बाबतीत उपाय सोपे आहेत. कोवळ्या पानांचा चहा निवडणे, पत्ती कमी घालणे, तासन्‌तास उकळण्याऐवजी थोडा वेळ झाकून ठेवणे, विहीर-बोअरवेलचे पाणी तपासून घेणे आणि लहान मुलांना दाट चहा न देणे, हे ते उपाय होत.

इतर धोके

चहातील पॉलिफेनॉलमुळे वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण घटते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ मध्ये दिसले. त्यामुळे जेवण किंवा लोहाच्या गोळ्या आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवणे हितावह ठरते. हे घरोघरच्या दुधाच्या चहालाही तितकेच लागू आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्याचा सल्ला देते. खारट चहाचे अनेक पेले या हिशेबात धरावे लागतात. उच्च रक्तदाब असलेल्यांनी ही बाब दुर्लक्षू नये. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले. गर्भवती स्त्रियांनी कॅफिन मर्यादित ठेवावे. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी चहाचे प्रमाण अचानक वाढवू नये.

हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या हा निराळाच विषय आहे. त्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी हे कॅटेचिन घेतल्यास यकृतावर ताण दिसू शकतो, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये म्हटले. पाण्यात तयार केलेला नेहमीचा चहा मात्र सर्वसाधारणपणे सुरक्षित मानला गेला.

साठवण

वीट कोरड्या व हवेशीर जागी ठेवल्यास वर्षानुवर्षे टिकते. भंडारा-गोंदियाच्या पावसाळ्यात मात्र ती ओल धरते. फू विटेतील सोनेरी ठिपके आणि ओलीमुळे आलेली हिरवी, काळी किंवा पांढरी केसाळ बुरशी यांत फरक करता आला पाहिजे. दुसऱ्या प्रकारची बुरशी किंवा कुबट वास आलेली वीट वरवर खरवडून वापरण्याची प्रथा सुरक्षित नाही, कारण काही बुरशींची विषे उष्णतेने नष्ट होत नाहीत.